क्रेडिट कार्डाची थकबाकी: पहिल्या स्टेटमेंटपासून ‘क्लोज्ड’ नोंदीपर्यंत

दोन कार्डं, मिळून ₹1,98,000 थकबाकी, आणि दर महिन्याला भरला जाणारा फक्त ‘मिनिमम ड्यू’, म्हणजे बिलात मागितलेली किमान रक्कम. मार्च 2025 मध्ये इथून सुरुवात झाली. कार्डांचं प्रकरण मिटून क्रेडिट रिपोर्टमध्ये (कर्जफेडीच्या इतिहासात) त्याची नोंद नीट लागेपर्यंत सप्टेंबर उजाडला. या काळात कोणते कागद लागले, कोणते आकडे बघावे लागले आणि काम कुठे अडतं, ते क्रमाने लिहिलं आहे. रकमा समजायला सोप्या जाव्यात म्हणून थोड्या गोल केल्या आहेत.

मार्च: आधी नुसतं वाचणं

पहिलं काम म्हणजे दोन्ही कार्डांची मागच्या सहा महिन्यांची स्टेटमेंट्स पीडीएफमध्ये उतरवून घेणं. ॲपच्या पहिल्या पानावर जो आकडा दिसतो त्यावर जाऊ नका. त्यात न बिल झालेले खर्च मिसळलेले असतात, ईएमआयची उरलेली मुद्दल कधी धरलेली असते, कधी नसते. स्टेटमेंटमधून एवढंच वेगळं काढायचं: एकूण देणं, मिनिमम ड्यू, त्या महिन्याचं व्याज, त्यावरचा जीएसटी, लेट फी, चालू ईएमआय असतील तर त्यांचे उरलेले हप्ते, बिलाची तारीख आणि भरण्याची शेवटची तारीख. व्याजाचा दर बारीक अक्षरांतल्या अटींमध्ये असतो. तो महिन्याचा लिहिलेला असेल तर बाराने गुणा.

मोठ्या कार्डावर ₹1,60,000 होते, दर महिना 3.5 टक्के, म्हणजे वर्षाला 42. कार्डाच्या व्याजावर 18 टक्के जीएसटी लागतो, त्यामुळे प्रत्यक्षात वर्षाला साडेएकोणपन्नास टक्के. महिन्याचं व्याज ₹5,600, जीएसटी ₹1,008, एकूण ₹6,608. मिनिमम ड्यू साधारण 5 टक्के, म्हणजे ₹8,000. त्यातले ₹1,392 तेवढे मुद्दलात जात होते. (मिनिमम ड्यूचं सूत्र प्रत्येक कार्डाचं थोडं वेगळं असतं, आपल्या कार्डाचं अटींमध्ये बघून घ्या.) नवीन एक रुपयाही खर्च न करता दर महिन्याला ठरून ₹8,000 भरले असते, तरी हे कार्ड फिटायला साडेतीन वर्षांहून जास्त लागले असते आणि खिशातून साधारण ₹3,45,000 गेले असते. हा हिशोब कागदावर उतरल्यावर त्या रात्री झोप लागली नाही, हे खरं आहे. पण त्यापुढे बँकेच्या फोनची भीती वाटणं थांबलं, कारण त्यापेक्षा वाईट बातमी फोनवर कोणी देऊ शकत नव्हतं.

आता एक गोष्ट जरा सावकाश बघू. कार्ड वर्षानुवर्षं वापरणाऱ्यांनाही ती माहीत नसते. पूर्ण बिल भरलं तरच बिनव्याजी मुदत मिळते. थोडं जरी बाकी ठेवलं, तरी व्याज फक्त त्या बाकीवर लागत नाही.

समजा बिलाची तारीख 12 आहे. 20 मार्चला ₹40,000 ची खरेदी केली, ती 12 एप्रिलच्या बिलात आली, भरायची शेवटची तारीख 2 मे. त्या दिवशी ₹35,000 भरले, ₹5,000 ठेवले. बहुतेकांना वाटतं, पाच हजारांवर महिन्याचं व्याज किती होणार, पावणेदोनशे. प्रत्यक्षात 20 मार्च ते 2 मे या 43 दिवसांचं व्याज पूर्ण ₹40,000 वर लागतं: ₹1,979. पुढे 12 मेपर्यंत ₹5,000 वर आणखी ₹58. जीएसटी धरून पुढच्या बिलात ₹2,403. पाच हजार मागे ठेवल्याची ही किंमत. शिवाय बाकी असेपर्यंत त्या कार्डावरच्या प्रत्येक नव्या खरेदीवर पहिल्या दिवसापासून व्याज चालू होतं. दुधाचे साठ रुपयेसुद्धा त्यात आले. म्हणून थकबाकी असलेलं कार्ड रोजच्या खर्चाला वापरणं सगळ्यात आधी थांबवायला हवं, फेडीचा मार्ग कोणताही निवडा.

कार्ड ‘थांबवणं’ म्हणजे नेमकं काय

कार्ड कपाटात ठेवून भागत नाही. कार्डाचा नंबर चार ठिकाणी जोडलेला असतो.

बँकेच्या ॲपमध्ये ऑनलाइन, परदेशी, टॅप करून आणि दुकानातल्या मशीनवरच्या व्यवहारांसाठी वेगवेगळी बटणं असतात. रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे ऑक्टोबर 2020 पासून ही सोय सगळ्यांना द्यावीच लागते. चारही बंद केली. पण एवढ्यावर निश्चिंत होऊ नका. आधी परवानगी दिलेले दरमहाचे व्यवहार, म्हणजे ओटीटी, मोबाइल बिल, क्लाउड स्टोरेज, वेगळ्या यादीत असतात. ₹15,000 पर्यंतच्या रकमेला दर वेळी ओटीपी लागत नाही. कापायच्या किमान 24 तास आधी मेसेज येतो, तो आपण वाचत नाही इतकंच. ॲपमध्ये ‘स्टँडिंग इन्स्ट्रक्शन’ किंवा ‘ई-मँडेट’ शोधा आणि एकेक रद्द करा. जे खरंच हवं आहे ते डेबिट कार्डावर किंवा यूपीआय ऑटोपेवर हलवा. वीजबिल आणि विम्याचा हप्ता आधी हलवायचा, मग रद्द करायचं. उलट क्रमाने केलं की पॉलिसी लॅप्स व्हायची वेळ येते.

तिसरी जागा म्हणजे खरेदीच्या आणि जेवण मागवण्याच्या ॲपमध्ये साठवलेलं कार्ड. तिथून ते काढून टाकायला पाच मिनिटं लागतात. चौथी जागा, जी पटकन लक्षात येत नाही: रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडलेलं असेल तर चहाच्या टपरीवरचा क्यूआर कोडही उधारीवर स्कॅन होतो. यूपीआय ॲपमधून ते खातं वेगळं करा.

आणि थकबाकी असताना कार्डावर एटीएममधून रोकड काढू नका. फी लागते आणि व्याज त्याच दिवसापासून.

एप्रिल: स्वस्त पैसा शोधणं

छोट्या कार्डावर ₹38,000 होते, दर महिना 3.75 टक्के. जीएसटीसह महिन्याला ₹1,681 नुसतं व्याजाचं. त्याच वेळी बँकेत ₹40,000 ची एफडी सात टक्क्यांनी पडून होती, महिन्याला सव्वादोनशेच्या आसपास देत होती. ती मोडून छोटं कार्ड फेडलं. मुदतीआधी मोडल्याबद्दल एक टक्का दर कमी झाला. या सगळ्यात त्याला काही अर्थ नाही. एफडीला हात लावायचा नाही असं आपल्या घरांमध्ये शिकवलेलं असतं, त्यामुळे मन तयार व्हायला वेळ लागतो. थोडी रक्कम आणीबाणीसाठी ठेवा, पण कार्ड थकवून एफडी सांभाळण्यात काही हशील नाही.

मोठ्या कार्डासाठी तीन पर्याय समोर होते.

बँकेने स्वतःच थकबाकीचे ईएमआय करून द्यायची तयारी दाखवली: 16 टक्के, 24 हप्ते. फोनवर हे छान वाटतं. पण कार्डावरच्या ईएमआयच्या व्याजालाही जीएसटी लागतो, म्हणजे दर 18.88 होतो, आणि प्रोसेसिंग फी वेगळी. हप्ता मिनिमम ड्यूमध्ये धरलेला असतो, त्यामुळे एखादा हप्ता चुकला की तो पुन्हा 42 टक्क्यांच्या खड्ड्यात जातो. दुसरा पर्याय, दुसऱ्या कार्डावर बॅलन्स ट्रान्सफर, म्हणजे थकबाकी तिकडे हलवणं. पहिले काही महिने दर कमी, नंतर मूळ दर. तेवढ्या महिन्यांत सगळं फिटणार असेल तरच घ्या. तिसरा, पर्सनल लोन: 15 टक्के, 24 महिने. पर्सनल लोनच्या व्याजावर जीएसटी नाही, फक्त फीवर आहे.

₹1,60,000 ला हप्ता आला ₹7,758. मिनिमम ड्यूपेक्षाही कमी! आणि दोन वर्षांत एकूण ₹1,86,190 भरून विषय संपतो. आधीच्या ₹3,45,000 शेजारी हा आकडा लिहिल्यावर निर्णय घ्यायला फार डोकं चालवावं लागलं नाही.

तुम्ही पगारदार असाल तर आधी कर्मचारी पतसंस्थेत विचारा. तिथे दर बहुधा कमी असतो आणि हप्ता पगारातूनच कापला जातो. घरात सोनं असेल तर सोनेतारण कर्जही पर्सनल लोनपेक्षा स्वस्त पडतं. मात्र ते फेडायची तारीख ठरलेली हवी, नाहीतर व्याज भरून दरवर्षी नूतनीकरण करत राहण्याची सवय लागते.

कागद नेहमीचेच: पॅन, आधार, तीन महिन्यांच्या पगाराच्या पावत्या, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट. अर्ज करण्याआधी स्वतःचा क्रेडिट रिपोर्ट काढा. देशात असे रिपोर्ट देणाऱ्या चार कंपन्या आहेत, ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क, आणि प्रत्येकीकडून वर्षातून एक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. स्वतः बघितल्याने स्कोअर (पत दाखवणारा आकडा) घटत नाही. एकाच आठवड्यात पाच-सहा ठिकाणी अर्ज टाकले तर मात्र प्रत्येक चौकशीची नोंद होते आणि पुढच्याला संशय येतो. एक-दोन ठिकाणीच अर्ज करा.

सही करण्यापूर्वी ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ मागा. 1 ऑक्टोबर 2024 पासून नव्या किरकोळ कर्जांना ते द्यावंच लागतं. त्यात वार्षिक खर्चाचा खरा दर असतो. इथे 2 टक्के फी आणि तिच्यावरचा जीएसटी मिळून ₹3,776 कर्जातूनच कापले गेले, त्यामुळे 15 चा दर साडेसतराच्या आसपास गेला. मुदतीआधी फेडीचा दंड किती आणि किती हप्त्यांनंतर फेडता येतं, हेही त्याच कागदावर बघा. विमा ‘कंपल्सरी आहे’ असं एजंटने तोंडी सांगितलं होतं. ईमेलवर लिहून द्या म्हटल्यावर तो ऐच्छिक निघाला. तोंडी सांगितलेली कुठलीही गोष्ट ईमेलवर मागायची, एवढा एकच नियम सगळीकडे कामाला येतो.

24 एप्रिलला पैसे खात्यात आले, फी कापून ₹1,56,224. उरलेले बचतीतून घालून त्याच दिवशी ₹1,60,000 कार्डात भरले. दुसऱ्या दिवसावर ढकलू नका. खात्यात दीड लाख दिसायला लागले की घरातल्या सगळ्या अडलेल्या कामांना वाचा फुटते. रक्कम मोठी असेल तर बँकेच्या नेट बँकिंगमधून भरा आणि यूटीआर नंबर (व्यवहाराचा ओळख क्रमांक) जपून ठेवा. इतर ॲपमधून भरलेली रक्कम जमा दिसायला एखादा कामकाजाचा दिवस जाऊ शकतो, म्हणून शेवटच्या तारखेला रात्री भरणं टाळा. उशीर झालाच तर तीन दिवसांची सवड असते: शेवटच्या तारखेनंतर तीन दिवस उलटल्यावरच लेट फी लावता येते आणि थकबाकी म्हणून कळवता येतं. व्याज मात्र थांबत नाही.

मे: पूर्ण भरूनही आलेलं बिल

12 मेच्या स्टेटमेंटमध्ये ₹2,607 देणं दिसलं. अशा वेळी माणूस चिडून कस्टमर केअरला फोन लावतो आणि वाद घालतो. वाद घालण्यासारखं त्यात काही नसतं. 12 एप्रिलला बिल निघालं, पैसे 24 एप्रिलला भरले. मधल्या बारा दिवसांचं ₹1,60,000 वरचं व्याज ₹2,209 आणि जीएसटी ₹398. हे व्याज 12 एप्रिलच्या बिलात असूच शकत नाही, कारण ते तेव्हा लागलेलंच नव्हतं. फसगत पुढे होते: लोक ‘मी तर सगळं भरलं’ म्हणून ही रक्कम सोडून देतात, तिच्यावर लेट फी लागते, आणि अडीच हजारांपायी रिपोर्टवर डाग पडतो. मोठी रक्कम भरायच्या दिवशी फोन करून ‘आजच्या तारखेपर्यंतचं न बिल झालेलं व्याज धरून किती’ असं विचारा आणि तेवढं भरा. तरीही पुढची दोन स्टेटमेंट्स शून्य आलेली बघितल्याशिवाय कार्ड बंद करायला घेऊ नका.

जून ते सप्टेंबर: बंद करणं आणि नोंद लावणं

छोटं कार्ड बंद करायचं ठरवलं, मोठं आणि जुनं ठेवायचं. जुनं कार्ड ठेवल्याने क्रेडिटचा इतिहास लांब राहतो. पण त्याची मर्यादा कमी करून घेतली. मर्यादा कमी केली की वापराची टक्केवारी (मर्यादेपैकी किती वापरलं) वाढून स्कोअर थोडा घटू शकतो. हात आवरत नसेल तर तेवढा घटलेला स्कोअर चालेल, असं माझं मत.

बंद करण्याआधी रिवॉर्ड पॉइंट्स वापरून टाका, नंतर ते जातात. विनंती ॲपमधून किंवा ईमेलने करा. पोस्टानेच अर्ज पाठवा असा आग्रह बँकेला धरता येत नाही. त्यानंतर हमखास फोन येतो: ‘सर, लाइफटाइम फ्री करून देतो, लिमिट वाढवून देतो.’ नको म्हणून सांगायचं आणि विनंतीचा क्रमांक मागायचा. देणं शून्य असेल तर सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करावं लागतं. त्यापुढे दिवसाला ₹500 ग्राहकाला देणं लागतं. हा नियम रिझर्व्ह बँकेच्या 2022 च्या कार्डविषयक निर्देशांनी आणला. ईमेलमध्ये तो नुसता नमूद केला की काम हललेलं दिसतं. बंद झाल्याचं पत्र आणि ‘नो ड्यूज’ (काही देणं बाकी नाही) पत्र, दोन्ही मागून घ्या.

ऑगस्टमध्ये रिपोर्ट काढला तेव्हा एका कंपनीच्या रिपोर्टमध्ये ते कार्ड अजून चालूच दिसत होतं. 1 जानेवारी 2025 पासूनच्या नियमाप्रमाणे बँकांनी तेव्हा या कंपन्यांना दर पंधरवड्याला माहिती द्यायची होती, म्हणजे जूनमधली गोष्ट ऑगस्टपर्यंत यायला हवी होती. त्या कंपनीच्या संकेतस्थळावर ‘डिस्प्यूट’ नोंदवला, सोबत ‘नो ड्यूज’ पत्र जोडलं. दुरुस्तीला 30 दिवसांची मुदत असते. त्यापुढे दिवसाला ₹100 भरपाई मिळते. मुदतीत ‘क्लोज्ड’ लागलं. एका कंपनीत दुरुस्त झालं म्हणून बाकी तिघींकडे झालं असं धरू नका, चारही तपासा.

कर्ज मिळण्यासारखी परिस्थितीच नसेल तर पुढचा टप्पा सेटलमेंटचा येतो. त्यात बँक काही रक्कम सोडते, पण रिपोर्टवर ‘क्लोज्ड’ऐवजी ‘सेटल्ड’ लागतं आणि पुढे घरकर्जाच्या वेळी तेच आडवं येतं. करायचंच असेल तर रक्कम, तारीख आणि हप्ते असलेलं पत्र बँकेच्या अधिकृत ईमेलवरून आल्याशिवाय एक रुपया भरू नका, आणि वसुली एजंटच्या वैयक्तिक यूपीआयवर तर कधीच नाही. एजंटला सकाळी 8 च्या आधी किंवा संध्याकाळी 7 नंतर वसुलीसाठी फोन करता येत नाही. नातेवाइकांना, शेजाऱ्यांना फोन करून अपमान करणंही नियमात बसत नाही. कॉलची वेळ, नंबर लिहून ठेवा, आधी बँकेकडे लेखी तक्रार करा. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस या तक्रारींच्या पोर्टलवर लोकपालाकडे तक्रार करता येते. तिला फी नाही, वकील लागत नाही. माहितीसाठी 14448 हा नंबर आहे.

रोजचा खर्च

कार्ड बंद पडल्यावर पहिले दोन महिने जड जातात, कारण तोवर या महिन्याचा पगार मागच्या महिन्याच्या खर्चाला जात असतो. आता त्याच पगारातून चालू महिनाही काढायचा असतो. त्यासाठी साधारण पंधरा दिवसांच्या घरखर्चाची रोकड आधी बाजूला काढून ठेवा.

रोजचा रुपयान्‌रुपया लिहिण्याचा प्रयोग फार टिकत नाही. त्यापेक्षा दोन खाती करा. पगार एका खात्यात; तिथून हप्ता, भाडं, फी, विमा. दर सोमवारी ठरलेली रक्कम दुसऱ्या खात्यात, आणि यूपीआयला तेच एक खातं जोडलेलं. शुक्रवारी ते रिकामं झालं की काय ते कळतं. किरकोळ खर्चाला यूपीआय लाइट चांगलं: त्यात एका वेळी जास्तीत जास्त ₹5,000 राहतात, आणि बँकेच्या पासबुकात चहा-वडापावच्या ओळींची गर्दी होत नाही.

पण बजेट कोलमडतं ते वडापावने नव्हे. कोलमडतं वर्षातून एकदा येणाऱ्या खर्चांनी: गाडीचा विमा, शाळेची फी, गणपती-दिवाळी, लग्नाचे आहेर, घरपट्टी. हे अचानक येत नाहीत, तारखा ठरलेल्या असतात, तरी दर वेळी कार्डच पुढे येतं. अशा सगळ्या खर्चांची यादी करून बेरजेला बाराने भागा आणि तेवढ्याची आरडी लावा. ₹72,000 ची यादी असेल तर महिन्याला ₹6,000. यादी पहिल्या वर्षी अपुरीच निघते; जून-जुलैत एक-दोन गोष्टी आठवतात, तेव्हा रक्कम वाढवा.

ठेवलेलं कार्ड आता फक्त पेट्रोल आणि वीजबिलापुरतं चालू आहे. त्यावर ऑटोपे लावताना फॉर्ममध्ये ‘मिनिमम अमाउंट’ आणि ‘टोटल अमाउंट’ असे दोन पर्याय असतात. आधीपासून कोणता टिक केलेला आहे ते बघा आणि ‘टोटल’ निवडा. कापण्याच्या दिवशी खात्यात पैसे नसतील तर बँक परतीचा चार्ज लावते आणि कार्डवाले वेगळा, म्हणून शेवटची तारीख पगारानंतर आठवडाभरात यायला हवी. बिलाची तारीख बदलून मागता येते. किमान एकदा तरी ती सोय द्यावी लागते. पगार महिनाअखेर होत असेल तर बिलाची तारीख 15 च्या आसपास घ्या, म्हणजे भरायची तारीख पुढच्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पडते. बदलाच्या महिन्यात एक बिल लहान किंवा मोठं येतं, आणि ऑटोपे नव्या तारखेला लागू झालं की नाही ते त्या एका महिन्यात हाताने तपासावं लागतं.